लिहून देणार

जुना संगणक गणपतीच्या आधीच गेला.
जळक्या रबराचा वास आला आणि पडदा
ऐन वेळी साक्षीदारासारखा फितूर झाला.
मग राम मारुती रोडवरून हा नवा घेतला,
छत्तीस हजार, बारा हप्ते, वर एक माउस फुकट.
कोर्ट नाक्यावर, निळ्या ताडपत्रीखाली
टेबलावर तो उघडला तेव्हा
शेजारचे नोटरी कारखानीस म्हणाले, बाई, पेढे?

माझा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर असतो,
हरवू नये म्हणून लाल दोरा बांधलेला.
एकोणीस वर्षं त्याच कळांवर
बोटं न बघता चालतात,
रफार कुठे बसतो ते मला विचाराल तर सांगता येणार नाही,
करंगळीला विचारा.
नवा लॅपटॉप म्हणाला, हे इथे चालणार नाही.
आमच्या दुकानात मिळेल तेवढंच.
तुमच्याच सुरक्षिततेसाठी.

हे वाक्य मी ओळखते.
दर वेळी फक्त फॉन्ट बदलतो.

निनादला फोन लावला. थोरल्या भावाचा मुलगा,
बाळकुमला टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो,
संगणकाचं शिकलाय.
म्हणाला, आत्या, ही कुंपणवाली आवृत्ती असते.
तुझी होम आहे, होमच राहील, फक्त कुंपण जाईल.
पैसे नाही पडत. पण एकदा काढलं ना,
की परत नाही घालता येत.
नीट विचार कर हां.

हो रे, म्हटलं.

बटणाच्या वर तेच लिहिलेलं होतं,
ही क्रिया उलटवता येणार नाही.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
हा मसुदा मला पाठ आहे.
सदर मिळकतीवर माझा वा माझ्या वारसांचा
कोणताही हक्क, हितसंबंध उरलेला नाही
व यापुढे कधीही सांगणार नाही,
सबब हे हक्कसोडपत्र स्वसंतोषाने व अक्कलहुशारीने
लिहून दिले असे.
बहिणींची अशी किती टाइप केली, हिशेब नाही.
पानाला ठरलेला दर. शुद्धलेखनाची चूक फुकट दुरुस्त.

माझंही मीच केलं.
दोन हजार नऊ, जानेवारी.
दोघे भाऊ बाकावर उसाचा रस पीत होते,
माझा ग्लास त्यांनी टेबलावर आणून ठेवला होता,
बर्फ न घालता, माझा घसा जपून.
लिहून देणार : सौ. कुमुदिनी जनार्दन तरे,
वय ३४, धंदा : घरकाम.
बोटं आपोआप चालली.
टायपिंगच्या टेबलाशी बसून,
टायपिंगचे पैसे न घेता
मी लिहिलं, घरकाम.
वाचून पाहिलं. चूक एकही सापडली नाही.

त्या स्टॅम्पपेपरवर असे दोन चौकोन नव्हते.
पुढे जा. रद्द करा.
रद्द करा वर बाण नेऊन मी थोडा वेळ तसाच ठेवला,
नुसता. कसं वाटतं बघायला.
तोवर कारखानीसांचा चहा आला आणि गेला.

मग पुढे जा दाबलं.
वाटलं, बंद होईल, चाक फिरेल, तास जाईल.
काहीच नाही. झालं, एवढाच शब्द.
पेनड्राइव्ह लावला. ज्ञ आला. श्र आला.
करंगळीने रफार दिला आणि तो
जिथे बसायचा तिथेच बसला.

दुपारी पहिलं गिऱ्हाईक.
मुलगी सव्वीस-सत्तावीसची, सोबत भाऊ,
कागदांचं फोल्डर त्याच्या काखेत.
हक्कसोड करायचंय, तो म्हणाला, कासारवडवलीची जागा.
तिचं नाव त्याने सांगितलं. वय त्याने सांगितलं.
पत्ता सांगताना पिनकोड अडला, तो तिने पुरवला.
धंदाच्या पुढे कर्सर लुकलुकत राहिला.
घरकाम टाका, तो म्हणाला.
मी बोटं कळांवरून उचलली.
काय करतेस गं तू?
नाही, तुम्ही थांबा. तिला विचारतेय.

बॅटरी चौसष्ट टक्के होती.
मला काही घाई नव्हती.